लांबी कमावलेले अल्बम : प्रोग्रेसिव्ह रॉक आणि मेटल

पारसिक (धागाकर्ता)

नमस्कार.

गेली चौदा वर्षे मी ठाण्याहून सीबीडी बेलापूरला नोकरीसाठी जातो आणि ट्रान्स-हार्बर मार्गावरचा तो पाऊण तासाचा प्रवास हीच माझी संगीत ऐकण्याची मुख्य जागा आहे. घर दोन खोल्यांचे, मुले लहान आणि शेजारची भिंत पातळ, त्यामुळे घरी हे संगीत मोकळेपणाने लावता येत नाही. गाडीत बसायला जागा मिळाली की कानात इअरफोन घालायचे, डाव्या हाताला पारसिकचा डोंगर सुरू झाला की अल्बम सुरू करायचा आणि मधले काहीही न वगळता तो उतरेपर्यंत ऐकायचा, असा माझा शिरस्ता आहे. अल्बम त्याहून मोठा असला तर उरलेला भाग परतीच्या प्रवासात ऐकतो.

या सवयीमुळे एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. प्रोग्रेसिव्ह रॉक या रॉकच्या गुंतागुंतीच्या प्रकारात पंधरा-वीस मिनिटांच्या रचना सर्रास आढळतात. एखादी रचना एवढी लांब असण्याचा हक्क कशाने मिळवते? वाजवणारे तयारीचे आहेत, म्हणून मिळवते का? मला तसे वाटत नाही. लांबी ही रचनेने कमवावी लागते आणि ती कमावली आहे की नाही, हे ऐकणाऱ्याला शेवटच्या दोन मिनिटांत कळते. पुढे ज्या अल्बमांबद्दल लिहिले आहे, त्यांच्याविषयीची माझी मते याच कसोटीवर बनली आहेत.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या लांबीचे माप संगीतकारांनी ठरवले नव्हते, ते तबकडीने ठरवले होते. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचे संगीत चांगल्या दर्जाने बसते. येस या बँडच्या १९७२ सालच्या 'क्लोज टू द एज'मधील शीर्षकरचना अठरा मिनिटांहून थोडी अधिक आहे आणि ती अल्बमची एक पूर्ण बाजू व्यापते, हा योगायोग नव्हे. आपल्याकडे याच्या उलट घडले होते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मिळत, म्हणून अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई केरकर यांच्या पिढीच्या गायकांना एक-एक तास चालणारा राग तेवढ्यात मांडावा लागला. त्या तीन मिनिटांत रागाचे सगळे रूप दिसते, कारण काय गाळायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. अटकाव कलाकाराला नेहमी मारतोच असे नाही, आणि मोकळीक त्याला नेहमी तारते असेही नाही.

'क्लोज टू द एज'ने आपली लांबी कमावली आहे. आरंभी पाण्याचा आणि पाखरांचा आवाज येतो आणि मग सगळी वाद्ये एकदम एकमेकांवर तुटून पडतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो गोंगाट वाटतो. मधल्या संथ भागात मात्र तीच माणसे जवळजवळ स्तब्ध होतात, आवाजांची थरावर थर रचलेली गुंफण ऐकू येते आणि पाइप ऑर्गनचा भरदार ध्वनी उठतो. त्यानंतर मूळ धून परत येते, तेव्हा ती तीच असूनही तिचा अर्थ बदललेला असतो. हेरमान हेसे यांच्या 'सिद्धार्थ' या कादंबरीचा प्रभाव या गीतावर आहे आणि नदीकाठी बसून ऐकत राहणाऱ्या माणसाचा तो अनुभव सुरांतूनही जाणवतो. माझी गाडी घणसोली-कोपरखैरण्याच्या आसपास असते, तेव्हा ही रचना संपते आणि तेवढ्या वेळात मी एकदाही खिडकीबाहेर पाहिलेले नसते.

त्याच बँडने पुढच्याच वर्षी 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा दोन तबकड्यांचा अल्बम केला. गायक जॉन अँडरसन यांना परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातील एका तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र या चार प्रकारच्या शास्त्रग्रंथांचा उल्लेख सापडला आणि त्यांनी चार बाजूंवर चार रचना योजल्या. कल्पना मोठी होती. पण प्रत्येक बाजू भरायचीच, हे आधी ठरले आणि भरण्याजोगे संगीत नंतर शोधले गेले, असे दुसरी आणि तिसरी बाजू ऐकताना मला वाटते. पहिली आणि चौथी बाजू उत्तम आहे. मधल्या दोन बाजूंत एखादी सुंदर जागा येते, तिच्यापाठोपाठ काही मिनिटे नुसतीच जातात. कीबोर्डवादक रिक वेकमन या अल्बमनंतर बँडमधून बाहेर पडले.

आता ज्या रचनेसाठी मी खरे तर हा धागा काढला, तिच्याकडे येतो. किंग क्रिम्झनच्या 'रेड' (१९७४) या अल्बमच्या अखेरीस 'स्टारलेस' ही बारा मिनिटांची रचना आहे. पहिली सुमारे चार मिनिटे हे एक संथ, उदास गीत आहे. त्याच्यामागे मेलोट्रॉनचा ध्वनी आहे. मेलोट्रॉन हे पेटीसारखे दिसणारे वाद्य खरे तर फितींची पेटी आहे, कारण प्रत्येक पट्टीखाली एका सुराचे ध्वनिमुद्रण असलेली फीत असते आणि ती साधारण आठ सेकंदांत संपते. त्यामुळे वाजवणाऱ्याला सूर कायम धरून ठेवता येत नाही, तो सोडावाच लागतो, आणि त्या वाद्याच्या आवाजात सतत एक निसटतेपण राहते. गीत संपल्यावर जॉन वेटन यांचे बास गिटार तेरा मात्रांचे एक जड आवर्तन सुरू करते. त्यावर रॉबर्ट फ्रिप गिटारवर एकच सूर वाजवत राहतात. कितीतरी वेळ एकच सूर, मग किंचित वरचा, पुन्हा तोच हट्ट. बिल ब्रूफर्ड मागे लहानसहान तालवाद्यांचे आवाज पेरत जातात आणि ताण इतका वाढतो की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. मग गती वाढते, सॅक्सोफोन येतात आणि अगदी शेवटी, जेमतेम मिनिटभर, आरंभीची ती उदास धून पूर्ण ताकदीने परत येते. ते एक मिनिट आधीच्या अकरा मिनिटांशिवाय निरर्थक ठरले असते. लांबी कमावणे म्हणतात ते हेच. हा अल्बम बाजारात आला, तेव्हा फ्रिप यांनी बँड मोडलाही होता.

मेटल या रॉकच्या अधिक जड प्रकारात हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तिथे तयारीचे प्रदर्शन ही परंपराच आहे आणि १९९० च्या दशकात सीडी रुळल्यावर वीस मिनिटांच्या बाजूचा अटकावही उरला नाही. ड्रीम थिएटरचा 'इमेजेस अँड वर्ड्स' (१९९२) मी कॉलेजात असताना नौपाड्यातल्या एका मित्राकडून कॅसेटवर उतरवून घेतला होता आणि तो मला आजही त्यांचा सर्वांत बांधीव अल्बम वाटतो. १९९९ चा 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' हा सत्याहत्तर मिनिटांचा आहे. संमोहनाखाली गेलेल्या माणसाला पूर्वजन्मी, १९२८ साली, झालेला खून आठवतो, असे त्याचे कथानक आहे आणि ते चांगले रचले आहे. पण त्यातल्या 'द डान्स ऑफ इटर्निटी' या वाद्यरचनेत शंभराहून अधिक वेळा मात्रांची मोजणी बदलते आणि एवढे बदलूनही कथा जागच्या जागी राहते. ते ऐकून मी थक्क होतो, पण हलत नाही.

ओपेथच्या 'ब्लॅकवॉटर पार्क'बद्दल (२००१) उलट मत आहे. त्यातही दहा-बारा मिनिटांच्या रचना आहेत, घशातून काढलेल्या गुरगुराटी आवाजातले गायन आहे आणि पाठोपाठ अतिशय हळवे, ध्वनिक गिटारवरचे भाग आहेत. मिकाएल ओकेरफेल्ड यांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कधी जायचे हे नेमके कळते. निर्मितीत स्टीव्हन विल्सन यांचा हात होता आणि आवाजांतले अंतर त्यांनी जपले आहे. मशुगासारख्या बँडांचे संगीत मात्र मला अजून आकडेमोडच वाटते आणि त्यात आस सापडत नाही.

आपली मते वाचायला आवडतील. कृपया गाणी सुटी न घेता अल्बम पूर्ण ऐकून लिहावे.

वाघबीळ

लेख मनापासून आवडला. 'स्टारलेस'बद्दल पूर्ण सहमत. एक भर घालतो. पिंक फ्लॉइडचा 'अ‍ॅनिमल्स' (१९७७) आपल्या कसोटीवर फार चांगला उतरतो. मधल्या तीन लांब रचना आणि त्यांच्या दोन्ही टोकांना एकाच छोट्या गाण्याचे दोन तुकडे, एवढीच त्याची मांडणी आहे. 'डॉग्ज' सतरा मिनिटांची आहे, पण वाद्यांची कसरत तीत कुठेच नाही. माणसाच्या उमेदीपासून त्याच्या बुडण्यापर्यंतचा प्रवास सांगायला तेवढा वेळ लागतोच. गुंतागुंत नसतानाही लांबी कमावता येते, हे या अल्बममुळे पटते.

सीवूड्स

मी 'टेल्स'ची बाजू घेणार आहे. हा अल्बम गाडीत ऐकण्याचा नाही. इअरफोनमधून रुळांचा खडखडाट मिसळला की तिसऱ्या बाजूवरची स्टीव्ह हाऊ यांची ध्वनिक गिटार अर्धीअधिक हरवते आणि मग ती मिनिटे 'नुसतीच जातात' असे वाटणारच. मी हा अल्बम पावसाळ्यातल्या एका रविवारी, खाडीकडच्या खिडकीजवळ बसून, प्रत्येक बाजूनंतर दहा मिनिटे थांबून ऐकला. चार बाजूंच्या मध्ये तबकडी उलटण्याचा जो विराम असतो, तो या अल्बमचा भाग आहे. तो काढून ऐंशी मिनिटे सलग ऐकणे म्हणजे चार अंकी नाटक मध्यंतराशिवाय पाहण्यासारखे आहे. दुसरी बाजू थोडी विरळ आहे, हे मात्र मलाही मान्य आहे.

ओपेथबद्दल आणखी एक. त्यांनी २०११ च्या 'हेरिटेज'पासून गुरगुराटी गायन सोडले, तेव्हा अनेक जुने चाहते दुरावले. ते गायन २०२४ च्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'मध्ये परत आले. मधल्या काळातल्या 'इन कॉडा व्हेनेनम'कडे (२०१९) मात्र दुर्लक्ष होऊ नये. तो स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघाला आणि मी नेहमी स्वीडिश ऐकते. एकही शब्द कळत नाही, पण गायक स्वतःच्या भाषेत गातो, तेव्हा स्वरांची ठेवण सैल आणि नैसर्गिक होते. मुंबईच्या कोशिश या बँडचा 'फिरदौस' (२०१३) हा हिंदी अल्बम ऐकतानाही मला हेच जाणवले. अशी एखादी दीर्घ संकल्पनात्मक रचना मराठीत, आपल्या भाषेच्या चालीवर बेतलेली, ऐकायची माझी फार इच्छा आहे.

दायांबायां

मी तबला शिकतो, रॉक थोडेच ऐकले आहे, तरी मशुगाबद्दलचे वाक्य वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपण मोजणीला आकडेमोड म्हणालात, पण मोजणी समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, नेते की नाही, हे पाहायला हवे. आपल्याकडे तिहाई घ्या. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून पाच मात्रांचा बोल सुरू केला, एक मात्रा थांबलो, पुन्हा पाच, पुन्हा एक मात्रा विराम आणि पुन्हा पाच, तर एकूण सतरा मात्रा होतात आणि शेवटचा 'धा' नेमका पुढच्या समेवर पडतो. मधल्या वेळात ऐकणारा हरवतो आणि समेवर त्याला घर सापडते. मशुगाच्या संगीतात मला वेगळी युक्ती दिसली. झांज सरळ चार-चार मोजत राहते आणि गिटार व पायाचा ड्रम विषम लांबीचा तुकडा पुन्हापुन्हा वाजवतात. तो तुकडा दर वेळी आवर्तनात वेगळ्या जागी पडत जातो. ठरलेली आवर्तने भरली की शेवटचा तुकडा मध्येच तोडतात आणि सगळे पुन्हा एकत्र सुरू होतात. तिहाई हिशेबाने समेवर येते, इथे समेसाठी बोल कापला जातो. आमच्या गुरुजींना हे कदाचित रुचणार नाही, पण त्या कापण्यात एक धक्का आहे आणि तो हेतुपुरस्सर आहे. आपण झांजेवर बोट ठेवून ऐका, गिटारवर नको. आस तिथे आहे.

टूल या बँडचे ड्रमवादक डॅनी केरी यांनी आलोक दत्त यांच्याकडे तबल्याचे शिक्षण घेतले आहे, हेही इथे सांगावेसे वाटते. त्यांच्या वादनात विषम मात्रा असूनही वजन कुठे द्यायचे हे स्पष्ट असते. नुसते 'सात मात्रा' म्हणून काही कळत नाही. रूपकात सात मात्रा तीन-दोन-दोन अशा विभागलेल्या असतात आणि सम 'खाली'च्या, म्हणजे टाळी न देता हात उघडा दाखवण्याच्या, जागी असते, म्हणून त्याचा डौल वेगळा. विभागणीत ताल आहे.

खोपटकर

टूलचा विषय निघाला म्हणून. 'लॅटरॅलस' (२००१) या अल्बमच्या शीर्षकगीतात शब्दांची अक्षरे एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी वाढतात आणि मग पाच, तीन अशी उतरतात. या संख्यांना जगभर फिबोनाचीचे नाव आहे. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. पण आपल्याकडे छंदःशास्त्रात हेमचंद्राने त्याच्या आधी, बाराव्या शतकातच, हाच क्रम सांगितला होता. प्रश्न साधा आहे : लघू एक मात्रेचा आणि गुरू दोन मात्रांचा असेल, तर चार मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? उत्तर पाच. पाच मात्रांची आठ, सहा मात्रांची तेरा. म्हणजे हा क्रम मुळात कवितेच्या तालातून निघालेला आहे आणि त्या गाण्यात तो पुन्हा शब्दांच्या तालातच परतला आहे. सीवूड्स यांना हवी असलेली मराठी रचना कुणी करायला घेतली, तर मात्रावृत्तांचा केवढा साठा आपल्याजवळ आहे, हे यावरून लक्षात यावे.

वाघबीळ

मूळ लेखात स्टीव्हन विल्सन यांच्या पॉर्क्युपाइन ट्री या बँडचा उल्लेख नाही, याचे आश्चर्य वाटले. २००९ च्या डिसेंबरात ते पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवायला आले होते. ठाण्याहून आम्ही चौघे गेलो होतो आणि परतताना गांधीनगरच्या चौकापर्यंत चालत आलो, कारण कुणालाच रिक्षात बसून इतक्या लवकर घरी पोहोचायचे नव्हते. 'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट'मधील (२००७) 'अ‍ॅनेस्थेटाइझ' सतरा मिनिटांहून मोठी आहे आणि गॅव्हिन हॅरिसन यांचे ड्रमवादन तिच्यात किती संयमाने केले आहे, हे ऐकावे. पडद्यासमोर सुन्न बसलेल्या मुलांविषयीचा तो अल्बम आज माझी मुलगी तेरा वर्षांची असताना ऐकतो, तेव्हा तो मला पूर्वीपेक्षा अधिक अस्वस्थ करतो.

पारसिक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. क्रमाने उत्तर देतो.

वाघबीळ, 'अ‍ॅनेस्थेटाइझ' राहून गेली, ही माझी चूक आहे. तिचे तीन भाग एकमेकांशी ज्या पद्धतीने जोडले आहेत, त्यामुळे ती माझ्या यादीत 'स्टारलेस'च्या लगेच खाली येते. 'अ‍ॅनिमल्स'बद्दलचे आपले म्हणणेही मान्य आहे.

सीवूड्स, आपला विरामाचा मुद्दा मी कधी विचारात घेतला नव्हता. मागच्या रविवारी मुले आजोळी गेली होती, तेव्हा मी 'टेल्स' आपण सांगितल्याप्रमाणे, बाजूगणिक थांबत ऐकला. तिसऱ्या बाजूबद्दलचे माझे मत बदलले आहे. सुरुवातीचा तालवाद्यांचा गदारोळ ओसरल्यावर येणारी ती एकटी गिटार आणि तिच्यापाठोपाठचे गाणे, एवढ्यासाठी ती बाजू ठेवायलाच हवी. दुसरी बाजू मात्र मला अजूनही अर्धी झाली असती तर बरे, असेच वाटते.

दायांबायां, आपल्या सांगण्यावरून मी मशुगाचा 'कॅच थर्टीथ्री' (२००५) निवडला, कारण तो सत्तेचाळीस मिनिटांचा एकच सलग तुकडा आहे आणि माझ्या प्रवासाला बरोबर पुरतो. तीन दिवस लागोपाठ ऐकला. पहिल्या दिवशी झांज धरायला गेलो आणि रबाळ्याच्या आत हरवलो. दुसऱ्या दिवशी मांडीवर बोटाने चार-चार मोजत राहिलो आणि गिटारचा तुकडा त्या चारांवरून सरकत जाताना पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला. भरती चढताना खाडीचे पाणी जसे प्रत्येक लाटेला थोडे पुढे येते, तसा तो तुकडा पुढे सरकत होता. तिसऱ्या दिवशी तुकडा कापला जाण्याची जागा मला आधीच कळली आणि ती येण्यापूर्वीची काही सेकंदे मी श्वास रोखून बसलो होतो, अगदी 'स्टारलेस'च्या मधल्या भागात बसतो तसाच. तेव्हा आस नाही, हे माझे विधान मी मागे घेतो. एक अडचण शिल्लक आहे. त्या अल्बममधले ड्रम माणसाने वाजवलेले नसून संगणकावर बांधलेले आहेत आणि इतकी अचूक झांज ऐकताना हाताचे वजन कुठेतरी कमी पडते, असे मला जाणवत राहते. आपल्या कानाला हे कसे वाटते?

ड्रीम थिएटरविषयीचे मत कायम आहे.

दायांबायां

हाताचे वजन कमी पडते, हे बरोबर आहे, मलाही खटकले. याच बँडचा 'ऑबझेन' (२००८) ऐका. त्यात टोमास हाके स्वतः वाजवतात. 'ब्लीड'मध्ये दोन्ही पाय सतत धावत असतात आणि झांज मात्र शांत असते. उजव्या हाताने ठेका धरून डाव्याने बोल काढायला मी दोन वर्षे शिकतो आहे, त्यामुळे ते पाय कोणत्या कष्टाने तयार झाले असतील, हे मला कळते. आणि मी उद्या सकाळी तुर्भ्याला जाताना 'स्टारलेस' ऐकणार आहे. तेरा मात्रांची विभागणी कशी पडते, ते हाताने मोजून लिहितो.